मागची बाजू

शिपाई चित्र फिरवायला वाकला, तोच परीक्षक बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "राहू दे. हे असंच राहू दे."

कला महाविद्यालयाच्या त्या लांबलचक वर्गात शेवटच्या वर्षाची चौदा कामं भिंतीकडे तोंड करून उभी होती. पद्धतच होती तशी. नाव कळू नये म्हणून मागे फक्त क्रमांक लिहायचा, परीक्षक आले की शिपायाने एकेक काम फिरवायचं, आणि विचारल्याशिवाय विद्यार्थ्यांनी तोंड उघडायचं नाही. तेरा कामांच्या मागे क्रमांक सोडला तर नुसतं कोरं प्लायवूड. नऊ नंबरचं मात्र तसं नव्हतं.

नऊ नंबरवाली मुलगी खिडकीपाशी उभी होती. वर्गात तिला सगळे भंगारवाली म्हणत. तीन महिने तिने त्या फळीच्या पुढच्या बाजूवर जीव ओतला होता. पत्रा, आरशाचे तुकडे, प्लास्टर, जुनी तिकिटं, आणि त्यावर रंगाचे सात थर. वजन इतकं झालं, की आज सकाळी फळी मधोमध वाकली, मागे भेग पडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिचे बाबा सोफ्यांना कापड चढवायचं काम करतात. त्यांनी दुकानात फळी फोमवर पालथी घातली, तोंडात खिळे धरले आणि अर्ध्या तासात जुन्या सोफ्याचे पट्टे आडवेतिडवे ताणून ठोकले. भेगेवर तपकिरी रेक्झिनचं एक ठिगळ मारलं. "आता हत्ती बसव याच्यावर," म्हणाले.

"किती दिवसांनी कुणीतरी कुठे थांबायचं हे शिकलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या. "एकही पट्टा शोभेसाठी नाही."

"मॅडम, ते खरं म्हणजे..." वर्गाचे सर पुढे झाले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"नऊ नंबर कुणाचं?"

मुलीचा हात वर गेला. वर गेला खरा, पण कशासाठी गेला हे तिचं तिलाच कळेना. हो म्हणायला, की थांबा म्हणायला?

"कोपऱ्यात तीन-तीन खिळे, बाकी सगळीकडे एकेक. असं का?"

हे तिला माहीत होतं. लहानपणापासून ऐकत आली होती. "कोपरा आधी सैल होतो," ती म्हणाली.

बाई हसल्या. वहीत काहीतरी लिहून सरांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची स्टुडिओची जागा हिला द्या." शिक्षण संपल्यावरही कॉलेजात काम करता येईल अशी वर्षाला एकच जागा असायची. त्या जागेसाठीच या पोरीने रात्रीचा दिवस केला होता. बाई दहा नंबरकडे वळल्या. शिपाईही त्यांच्या मागे गेला आणि नऊ नंबर भिंतीकडे तोंड करून तसंच राहिलं.

तिच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला. आपण खोटं तर बोललो नाही. मग खरं तरी काय बोललो? आणि बाईंनी पुढची बाजू बघितली असती तर? जागा मिळाली म्हणून तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच लाज वाटत होती. सर आता काहीतरी बोलतील म्हणून तिने त्यांच्याकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

दुपारी बाबा टेम्पो घेऊन फळी न्यायला आले. उचलण्याआधी त्यांनी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि आवाज बारीक करून विचारलं, "मागून कुणी बघितलं नाही ना? घाईत सगळं वेडंवाकडं ठोकलंय."

"बघितलं, बाबा."

बाबांचा चेहरा उतरला. "मग? काय म्हणाले?"

"कुणाचं आहे, असं विचारलं."

"मग?"

"मी हात वर केला."

बाबांनी उचललेली फळी पुन्हा खाली टेकवली. "अगं वेडे, माझं नाव सांगायचं होतंस," ते म्हणाले. "माझी चूक स्वतःच्या अंगावर कशाला घेतलीस?"