दरीतली धिंगरी

वसाहतीचे प्रमुख दाभाडे शेडमध्ये आले, तेव्हा शाल्मली धिंगरी अळिंबीच्या पिशव्यांवर पाणी शिंपडत होती. पृथ्वीवरून आणलेलं हे एकच पीक या ग्रहावर तगलं होतं.

"पाणी कसलं घालतेस? दुपारी सगळं जाळायचंय," दाभाडे म्हणाले. "दरीत धिंगरी उगवलीय, ती इथूनच निसटली. आपलं काही या ग्रहावर पसरू द्यायचं नाही, हा नियम आहे. दोन्हींच्या डीएनएतल्या खुणा जुळल्या ना?"

"जुळल्या, सर. आपल्या धिंगरीतली प्रत्येक खूण दरीतल्या धिंगरीत आहे. पण तिच्यात आणखी हजारो खुणा आहेत, पृथ्वीवर कुठेच नसलेल्या. एवढं वैविध्य साठायला लाखो वर्षं लागतात."

"आपल्याला इथे येऊन वर्षही झालं नाही."

"तेच म्हणतेय. जिथे खुणा जास्त, ते घराणं जुनं. दरीतली धिंगरी आपल्या धिंगरीची लेक नाही, सर. आई आहे."

दाभाडे खिडकीशी गेले. खाली दरीभर पांढऱ्या छत्र्या वाऱ्यावर मंद हलत होत्या. मग त्यांनी एक पिशवी दोन्ही हातांनी, जपून उचलली.

"चल," ते म्हणाले, "हिला माहेरी पोचवून येऊ."