पुन्हा फुंका

डेपोतलं दारू तपासायचं मशीन वाजलं आणि रांगेतले सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले. ड्रायव्हरने नळी तोंडातून काढली. सहाला दहा मिनिटं कमी होती, पहिली बस त्याची होती, आणि काचेवर शून्य यायला हवं होतं तिथे भलताच आकडा आला होता.

"मी घेतलेली नाही," तो म्हणाला.

टेबलामागच्या मॅडम हे वाक्य दर आठवड्याला ऐकत होत्या. खोकल्याचं औषध, जास्त पिकलेली फळं, कुणाच्या तरी लग्नातला केक. ड्रायव्हर लोकांच्या पोटात काय काय आंबतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. "तोंडात काही घातलं होतं?"

त्याने पिशवीतून हिरव्या पाण्याची बाटली काढली. चूळ भरायचं सुवासिक पाणी, कुठल्याही दुकानात मिळतं ते. चार दिवसांपूर्वी त्याने सिगरेट सोडली होती आणि तलफ आली की तो या पाण्याने तोंड खळखळवायचा. आज उठल्यापासून पाच वेळा झालं होतं, शेवटचं आत्ताच, डेपोच्या बेसिनवर. मॅडमनी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली.

"यात असतं अल्कोहोल. पंधरा मिनिटं बसा. तोंडात काही घालायचं नाही. मग पुन्हा फुंका. म्हणताय ते खरं असेल तर उतरेल."

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दारू सोडून त्र्याहत्तर दिवस झाले होते. याच मशीनने त्याला एकदा सहा महिने घरी बसवलं होतं. दुसऱ्यांदा सापडला तर स्टिअरिंगला कायमचा रामराम. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कुत्र्याचं शेपूट, नळीत घातलं तरी वाकडंच." हळूच म्हणालं, पण त्याला ऐकू जाईल इतपत.

त्याचा कंडक्टर शेजारी येऊन टेकला. अकरा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. त्याने पाकिटातली एक सिगरेट पुढे केली. "घे. धुराचा आकडा येत नाही. दोन्ही एकदम सोडायला कुणी सांगितलं होतं तुला? माणसाला एक तरी खोड हवी."

त्याने सिगरेट घेतली, नाकाशी धरली, बराच वेळ धरली.

"आज ही ओढली तर संध्याकाळी काय मागेन, मला माहीत नाही," असं म्हणून त्याने ती परत केली. कंडक्टरने ती कानावर अडकवली आणि तो तिकिटांचं मशीन उगाच चालू-बंद करत राहिला.

खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. कारण समोर होतं, चक्क बाटलीवर छापलेलं. पण त्याच्याकडे कारणं कधी नव्हती? पिण्याच्या दिवसांत प्रत्येक वासाला एक कारण असायचं, आणि सांगता सांगता ते त्याचं त्यालाच पटायचं. हे तर इतकं चपखल होतं की त्याला स्वतःचाच संशय आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चोरी केली की नाही हेच चोराला आठवेना. पूर्वी रात्रीच्या रात्री त्याच्या डोक्यातून पुसल्या जायच्या. मग कालची कशावरून नाही? त्याने बायकोला फोन लावला.

"काल रात्री मी काय करत होतो?"

तिने विचारलं, "का?"

"सांग ना."

"घरीच होतात. कपाट तीनदा आवरलंत. पोरीवर ओरडलात, पेन्सिलीला टोक करताना आवाज करते म्हणून. मग झोपलात." तिचा आवाज खाली आला. "मशीन वाजलं का?"

"चूळ भरली होती. त्या हिरव्या पाण्याची. त्यात असतं म्हणे."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं.

फोन तिने चालूच ठेवला. त्याला स्टूल ओढल्याचा आवाज आला. माळ्यावरचा पत्र्याचा डबा उघडला. मग बाथरूमचं दार, मग टाकीचं झाकण. एकेक जागा त्यानेच कधीकाळी बाटली लपवायला हुडकून काढलेली, आणि ती एकही गाळत नव्हती. तिच्यावर रागवावं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. तोही कान लावून बसला होता. त्यालाही कळायला हवं होतं.

"काही नाही," ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. "काही नाहीये हो. आकडा आला की सांगा."

आतून हाक आली. मॅडमनी नवी नळी लावली. त्याने श्वास भरून घेतला आणि छातीत होता नव्हता तेवढा फुंकून टाकला. मशीन वाजलं नाही. मॅडमनी वहीत लिहिलं आणि बसची किल्ली त्याच्यापुढे सरकवली.

"शून्य. निघा आता, उशीर झालाय."

रांग पुन्हा बोलायला लागली. कंडक्टरने दोघांच्याही पिशव्या खांद्याला लावल्या. ड्रायव्हर मात्र किल्लीला हात न लावता उभाच राहिला.

"मॅडम, अजून एकदा घ्या."

"कशाला? शून्य आलंय की."

"मघाशी मी डोळे मिटले होते," तो म्हणाला. "घरी आजवर पुष्कळ काही सांगितलंय. हा आकडा बघून सांगतो."