शिंगाची पूड

उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांमधला शेवटचा नर मेल्याची बातमी आली, त्या दिवशी मेहुणा यतीन मनोहरांकडे जेवायला आला होता. मनोहरांनी टीव्ही बंद करून फ्रिजमधली डबी त्याच्यापुढे ठेवली. कॅन्सरवर गुणकारी म्हणून गेंड्याच्या शिंगाची ही पूड त्यानेच बहिणीला आणून दिली होती. ती गेली, पूड उरली. "खरीच होती का रे?" "छे हो भावोजी, म्हशीचं शिंग असेल. ताईला धीर यावा म्हणून बोललो. द्या इकडे, टाकतो." त्याने पटकन हात पुढे केला. "म्हशीची आहे, तर एवढी घाई कशाला?" मनोहरांनी डबी मुठीत धरली. खरी असेल तर तिच्यापायी एक गेंडा मेला. खोटी असेल तर सख्ख्या भावाने तिला फसवलं. "बाबा, माझ्या लॅबमध्ये तपासते," मुलगी भार्गवी म्हणाली. डबी त्यांनी अजून दिलेली नाही.