कोटात आणलेली कुपी

प्रयोगशाळेचा ड्रायव्हर दुय्सेन आत आला तो थेट तिथल्या संशोधक मारियाशच्या टेबलाशी. बुटांवरचा बर्फही झटकला नाही. मेंढीच्या कातड्याचा कोट उघडून त्याने छातीशी धरलेली बोटभर कुपी काढली आणि अलगद तिच्यापुढे ठेवली.

"घे पोरी. जिवापाड जपून आणलीय."

मारियाशने कुपी उचलली. कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखी ती कोमट होती.

"काका, हिचा डबा कुठाय? बर्फाचा?"

"दिला टाकून. अस्तानाच्या विमानतळावर उघडून बघतो तर काय, आत धूर सोडणारा बर्फ, आणि त्यात ही बिचारी गाडलेली. पाठवणाऱ्यांना अक्कल नको? त्यात वादळानं रस्ता बंद, अख्खा दिवस गाडीतच. असल्या थंडीत कोकरू जगतं का? पण कोटात घेतलं की जगतं. किती जगवलीत मी."

कारागांदाच्या माळावर जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस तो. त्याच्या धाकट्या मुलीच्या, रौशानच्या यकृतात एक एन्झाइम तयारच होत नाही, म्हणून तिचे पाय आखडत चाललेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळप भावाच्या गळ्यात घालून तो शहरात आला. तेच एन्झाइम, उंदराच्या यकृतातलं पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, या प्रयोगशाळेत येणार असं कानावर आलं आणि त्याने इथली नोकरी धरली.

मारियाशला खोटं बोलता येईना. "काका, हे गारठ्यातच टिकतं. उबेनं मरतं."

दुय्सेन आपल्या राकट तळव्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे रौशानचं औषध मीच मारलं."

वर्षभर वाट पाहून आलेली कुपी मातीमोल झाली होती. पण त्याचा चेहरा मारियाशला बघवेना. निदान एवढं ओझं तरी त्याच्या डोक्यावर नको, असं तिला वाटलं.

"तुम्ही काही मारलं नाहीत. हे औषध नव्हतंच, काका. आमच्या उंदरांना देऊन बघायचं होतं, तेही दोन-चार थेंब. माणसाला देण्याजोगं अजून काहीच नाही. इतक्यात होणारही नाही. रौशानसाठी तर..."

दुय्सेनने मान वर केली नाही. तसाच म्हणाला,

"असं नको बोलूस, पोरी. औषधच होतं, माझ्याच हातून मेलं असं म्हण. म्हणजे पुढच्या खेपेला मी बर्फातच आणीन."