पाठमोरी

आईनं ब्लाउज काढला आणि दाराची कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली. मग साडीचा पदर छातीशी घट्ट धरून मनस्वीकडं पाठ करून पाटावर बसली.

"लवकर आटप गो. शेतात भातरोपांसाठी राब भाजायचा हाय. पाला अर्धाच पसरलाय."

"थोडाच वेळ. हलू नकोस."

मनस्वी मुंबईत शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेला एक मोठं काम मांडायचं होतं, आणि वर्षभर केलेलं तिनं स्वतःच फोडून टाकलं होतं. तिनं आईच्या पाठीला खोबरेल तेल चोळलं. शहापूरच्या मेडिकलमधून आणलेल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून ती मानेपासून कमरेपर्यंत चिकटवत गेली.

"हाड मोडल्यावर लावतात तेच ना हे? तू मोडायच्या आधीच लावतेस."

"हसू नकोस आई, तडा जाईल."

"मग तू बोलू नको."

पट्ट्या घट्ट होताना तापल्या. आई न वळता म्हणाली, "कुणाची पाठ ते सांगायचं नाय. तुज्या सरांना नाय, आन् बाबांना तर नायच. चार पुरुषांत उघडी बसवलीस मला, असं व्हायला नको."

"नाही सांगणार."

"शपथ घे."

"घेतली."

साचा निघाला तेव्हा आईनं आत डोकावून पाहिलं. "मी कुठं हाय यात? नुसता खड्डा तर हाय."

"आत प्लॅस्टर भरलं की येशील."

"बाटलीभर तेल संपवलंस माझं," आई म्हणाली आणि ब्लाउजचे हूक लावत कडी काढायला गेली. ऊन चढलं होतं. राब उद्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, राहिलेला पाला पसरता पसरता, आई बांधावर टेकली. ती पुन्हा उठली नाही.

तेरावं झाल्यावर मनस्वीनं साचा गोधडीत गुंडाळून मुंबईला नेला. परीक्षा पुढं ढकलता येईल, असं सर म्हणाले. ती नको म्हणाली. साच्यात आतून प्लॅस्टरचे थर दिले, वाळल्यावर वरच्या पट्ट्या सोलल्या. पाठ बाहेर आली. डावा खांदा थोडा उतरलेला, मणके मोजता येतील असे. कानशीनं ती गुळगुळीत करायची असते. मनस्वीनं कानस उचलली आणि तशीच खाली ठेवली.

परीक्षेच्या दिवशी, कॉलेजच्या दालनात पाठ चौथऱ्यावर मांडल्यावर, तिचा पाय एका जागी ठरेना. तिनं दिवा सरकवला, परत जागेवर आणला. चौथऱ्यावर नसलेली धूळ पुसली. हात धुऊन आली आणि लगेच पुन्हा धुवायला गेली. तिच्या वर्गातल्या कुणालीनं तिला दंडाला धरून उभं केलं.

"आता जाऊ नकोस कुठं. आणि रागावू नकोस. तुझ्या बाबांना मीच फोन केलाय. सगळ्यांच्या घरचे येतायत."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

कुणाली उत्तर देणार तेवढ्यात दोन्ही परीक्षक आत आले.

पहिल्यानं पाठीभोवती एक फेरी मारली. "डोंगररांग वाटते," तो म्हणाला. दुसरीनं मान हलवली. "चेहरा नाही, नाव नाही. कष्टकरी बाईचं अनामिक असणं, हेच तुझं विधान आहे ना?"

"हो मॅडम."

"मॉडेल कोण होती?"

"गावातली एक बाई."

दोघांनी खुर्च्यांत बसून काहीतरी लिहून घेतलं. मनस्वीनं दाराकडं पाहिलं. वडील आले होते. सुरेंद्र. धुतलेला पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. सकाळी गावाहून, शेणव्याहून निघून, आसनगावला गाडी धरून, विचारत विचारत पोहोचले होते. ते दारातच थांबले. मुलीकडं त्यांनी पाहिलं नाही.

मग ते सरळ चौथऱ्यापाशी चालत आले.

"काका, जरा लांबून," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि त्या पाठीवर घातला. दोन्ही टोकं खांद्यांवरून पुढं घेतली. पुढं काही नव्हतं. शिल्प तिथं पोकळ होतं, खोचायला जागा नव्हती. सोडली की टोकं घसरत. त्यांनी ती मुठींत धरली आणि तसेच उभे राहिले.

"असं उघडं ठेवतात काय गो?" ते हळू म्हणाले.

दालनात कुजबुज झाली. मागच्या एका मुलानं मोबाइल वर धरला. पहिला परीक्षक खुर्चीतून पुढं झुकला. त्याला ते आवडलेलं दिसत होतं.

"छान आहे हे. तुझ्या मांडणीतच बसवलंयस का?"

मनस्वीनं वडिलांच्या मुठींकडं पाहिलं. ती त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि एका मुठीतलं टोक तिनं आपल्या हातात घेतलं.

"नाही सर," ती म्हणाली. "हे माझे बाबा." मग, सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि ही माझी आई आहे."