उडीचं बटन

उजव्या हाताचा पंजा गमावून वीरधवल फौजेतून कुंडलला कायमचा घरी आला, तो गप्पगप्पच राहू लागला. मग धाकट्या बहिणीनं, रेश्मानं, त्याच्या मोबाइलवर जुने गेम चालवणारा एम्युलेटर टाकला, त्यात लहानपणीचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम बसवला आणि पडद्यावरची सगळी बटनं डाव्या हाताच्या बोटांना सापडतील अशी एका बाजूला आणून ठेवली.

वीरधवलनं मोबाइल मांडीवर ठेवून खेळायला सुरुवात केली आणि उड्या मारत एकामागून एक खड्डे पार केले. "लय बरं वाटलं गं," तो म्हणाला.

रेश्मा मात्र बघतच राहिली. लहानपणी हाच दादा दर डावात पहिल्याच खड्ड्यात पडायचा आणि ती टाळ्या पिटत त्याला चिडवायची.

"दादा, तवा दोन हातानं जमत न्हवतं, आन आता एका हातानं?"

"तवा माझ्या रिमोटचं उडीचं बटन चालतच न्हवतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

वीरधवल पडद्यावरची नजर न काढता हसला.

"सांगितलं असतं, तर आईनं तुझ्या हातातला चांगला रिमोट काढून मला दिला असता."