पट्ट्याचा जादा तुकडा

विमानातला हा पट्टा कुणाची कंबर मापून शिवत असतील, असा प्रश्न पिसिलाला दर वेळी पडायचा. तोंगा बेटांवरच्या बाईची तर नक्कीच नव्हे. पट्ट्याला जोडायचा जादा तुकडा तिनं सवयीनं मागून घेतला आणि भावाच्या मातीला वावाउ बेटावर निघालेली ती ऐसपैस बसली. शेजारी भावाची मुलगी फुसी, अंगानं नुसती काडी. पण बापाच्या सुतकाची जाडजूड चटई कमरेभोवती गुंडाळलेली, त्यामुळे तिचाही पट्टा लागेना.

“तुकडा एकच होता,” ऑकलंडहून नवीन आलेली हवाईसुंदरी म्हणाली. “चटई काढून वर ठेव ना. पट्टा लागल्याशिवाय विमान हलणार नाही.”

“बाबांना माती मिळेपर्यंत नाही काढणार,” फुसी म्हणाली आणि रडायला लागली.

“डोळे पूस आधी. चटईत पाणी मुरलं तर गावभर वास सुटेल.” पिसिलानं आपला तुकडा सोडवला, फुसीच्या पट्ट्याला जोडून दिला आणि पिशवी उचलली. “मी उद्याच्या विमानानं येते.”

“पण आत्या, माती तर आज दुपारी आहे.”

“आज नाही, उद्या आहे. गेलेल्याची थोरली बहीण दारात उभी राहिल्याशिवाय त्याच्या पेटीला हात लावायची वावाउत कुणाची छाती आहे, ते बघतेच मी.”